चौथी जागा

“आता चौथ्याला आणा,” आर्याजी म्हणाल्या. “समोर बसवा. हात लांब केला तर लागेल इतकं जवळ.”

लेण्यातल्या थंडगार दगडी विहारात आम्ही आठ-नऊ बायका डोळे मिटून बसलो होतो. मी चौथ्या जागेवर कोणालाच आणलं नाही. ती जागा मोकळी ठेवली आणि कान दाराकडे लावले.

दाराजवळ बसायची माझी सवय जुनी. लग्नाचा मांडव असो, दवाखाना असो, नाहीतर आमच्या कॉलनीतला बुद्धविहार असो, मी दाराजवळची जागा धरते. म्हणजे काही झालंच तर बाहेर पडायला पहिली मी. सासरी यावरून माझी भरपूर थट्टा झाली आहे. मी पालीला भिते, लिफ्टला भिते, फटाक्यांना भिते. पण या सगळ्या भीती एकीकडे आणि कुत्र्याची भीती एकीकडे. त्यातही एका ठरावीक कुत्र्याची. त्याचं पुढे सांगते.

आमच्या खेमा आर्याजी म्हणजे सत्तरीच्या भिक्खुणी. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण नजर अशी की त्यांच्यापुढे थाप मारायची सोय नाही. त्या वर्षी पावसाळ्यात वर्षावासाच्या मुक्कामाला आमच्या कॉलनीतल्या विहारात आल्या आणि थंडी सरत आली तरी राहिल्याच. दर रविवारी त्या आम्हाला मैत्रीभावना शिकवायच्या. पद्धत अशी, की आधी स्वतःलाच समोर बसवायचं आणि मनापासून म्हणायचं, सुखी राहा, निर्भय राहा. मग आपल्या जिवाच्या माणसाला तेच म्हणायचं. मग ज्याच्याशी आपलं बरं नाही की वाईट नाही अशा कोणाला तरी. माझ्या तिसऱ्या जागेवर आमचा इस्त्रीवाला असायचा. आणि मग चौथ्या जागेवर ते माणूस, ज्याचं नाव निघालं तरी आपल्या कपाळाला आठी पडते. त्याच्यासाठीही तेच शब्द, त्याच मनाने. चौघांना एका पंगतीत सारखं वाढायचं, याला त्या समता म्हणायच्या.

“मला नाही जमत,” मी एकदा त्यांना स्पष्टच सांगितलं होतं. “चौथ्या जागेवर मला ती नकोच.”

“नको तर नको. जागा मोकळी ठेव,” त्या म्हणाल्या होत्या. “पण पुसून ठेव.”

बसण्यात मी अशी नापास होते. चालण्यात मात्र बरी होते. विहाराच्या अंगणात त्या आम्हाला चंक्रमण करायला लावायच्या, म्हणजे सावकाश, एकेका पावलाकडे लक्ष देत चालायचं. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं. उचल, ने, टेक. बाकीच्या बायका कंटाळायच्या, कोणी गुपचूप घड्याळ बघायची. मला ते आवडायचं, कारण चालताना फाटक नजरेसमोर असायचं.

आता माझ्या चौथ्या जागेची मालकीण. ती त्या दिवशी लेण्यात माझ्यामागेच बसली होती. वैजयंती. माझी मोठी जाऊ, आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष. आवाज खणखणीत, नाकावर माशी बसू द्यायची नाही. एकदा भरदुपारी घरात शिरलेल्या चोराला तिने लाटणं घेऊन कोपऱ्यापर्यंत पिटाळलं होतं. ती गोष्ट कॉलनीत अजून सांगतात, आणि ती सांगून झाली की हटकून कोणीतरी माझ्याकडे बघून हसतं.

त्या वेळी आमचं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी मला पाचवा महिना होता. दूध आणायला गेले होते. दूधकेंद्राच्या पायरीवर एक तपकिरी कुत्रा बसलेला असायचा, एक कान फाटलेला. त्या दिवशी तो माझ्याकडे बघून गुरगुरला आणि उठून उभा राहिला. बस्स, माझी पाचावर धारण बसली. मी पिशवी टाकून पळत सुटले, तो मागे भुंकत आला, आणि गटाराच्या कठड्याला पाय अडकून मी पोटावर पडले. बाळ गेलं. मुलगी होती.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मला भेटायला बायका आल्या. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. वैजयंती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “कुत्रं काय खाणार होतं का हिला? पळाली नसती तर पोर राहिलं असतं.” तो आवाज भिंतीला थोडाच अडतो. मी एक शब्द बोलले नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मला झोप लागेना, छाती धडधडायची, रस्त्यावर पाऊल टाकायचं म्हटलं की हातपाय गार. म्हणून तर मी आर्याजींकडे जायला लागले.

त्या माघ पौर्णिमेला आर्याजी आम्हाला या डोंगरातल्या लेण्यात घेऊन आल्या. खालच्या वाडीतला धावजी लांघी वाट दाखवायला पुढे होता. पायऱ्या संपल्या तिथे तो थांबला आणि बोट वर करून दबक्या आवाजात म्हणाला, “बायांनो, वर बगा. पर हळू बगा.”

विहाराच्या दारापुढे अरुंद कातळी वाट होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. वाटेच्या टोकाशी दगडात कोरलेला छोटा स्तूप, त्याच्या अलीकडे पाण्याचं टाकं. आणि या सगळ्यावर पुढे झुकलेल्या कड्याला काळंभोर काहीतरी लटकत होतं, दरवाजाच्या फळीएवढं. त्याच्या बाजूला तसलंच आणखी एक. बघता बघता त्याच्या अंगावरून एक लाट सरकत गेली. तेव्हा कळलं की ते जिवंत आहे.

“आग्या मोहोळ हाय,” धावजी म्हणाला. “त्याला धूर सोसत नाय. काडीसुदीक वढू नका. आन चुकून उठलंच, तर हात हालवू नका आन पळू नका. पळनाऱ्याच्या मागं ती पार वाडीपतूर येती.”

मी तिथूनच मागे फिरणार होते, पण एकटीने त्या पायऱ्या उतरायचीही भीती. आर्याजींनी सगळ्यांकडच्या मेणबत्त्या, अगरबत्त्या गोळा केल्या आणि झोळीत टाकल्या. “आज वंदना नुसत्या फुलांनी,” त्या म्हणाल्या.

“पौर्णिमेला बिनअगरबत्तीची वंदना?” वैजयंती म्हणाली. “आमची आई मला कडेवर घेऊन इथे यायची आर्याजी, तेव्हापासून त्या स्तूपापुढे अगरबत्ती लागलेली मी बघतेय. एका पुड्याने काय होतंय!”

“आज नको, वैजयंती.”

वैजयंती गप्प बसली. ती इतक्यात ऐकणारी नव्हे, पिशवीत एक पुडा राखून असणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मला त्या वेळी वरच्या काळ्या फळ्यांखेरीज काही दिसत नव्हतं. धावजी आपल्या गुरांकडे खाली गेला आणि आम्ही आत बसलो. आतल्या दगडी ओट्यावर जाड पांढरी चादर अंथरून बुद्धमूर्ती ठेवली होती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो आणि झेंडूची फुलं.

तर मी चौथी जागा मोकळी ठेवून कान देऊन बसले होते, तेवढ्यात मागे जोडव्यांचा आवाज झाला. दगडावर टक, टक. कोणीतरी उठून माझ्या अंगावरून बाहेर गेलं. साडीला घरच्या कपाटातला डांबरगोळ्यांचा वास होता, त्यावरून कोण ते कळलं. पाणी प्यायला गेली असेल, मी मनात म्हटलं.

मग मोगऱ्याच्या अगरबत्तीचा वास आला. एका-दोन काड्यांचा नव्हे. अख्खा पुडा पेटवल्यासारखा.

मी डोळे उघडले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि अगदी शांत. खाली घाटात एखादा ट्रक चढत असावा तशी घरघर ऐकू येत होती. मी स्वतःला म्हटलं, ट्रकच आहे. पण घरघर खालून येत नव्हती. ती वरून येत होती आणि वाढत होती. बघता बघता दारातल्या उन्हात बारीक बारीक काळे ठिपके भरले, आणि वैजयंती किंचाळली.

मी तिला रागावताना, ओरडताना, भांडताना ऐकलं होतं. किंचाळताना कधी ऐकलं नव्हतं.

“आत! सगळ्या आत, कोठड्यांत!” आर्याजींचा आवाज घुमला. “पदर डोक्यावरून घ्या. हात हलवू नका!”

विहाराच्या तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या झोपायच्या लहान, अंधाऱ्या कोठड्या होत्या. बायका त्यांत घुसल्या, अंगावर सतरंज्या ओढून घेतल्या. अंजिराबाई नावाच्या आमच्या एका म्हाताऱ्या सखीने तर मोठ्यानेच निरोप घ्यायला सुरुवात केली. मला मात्र हलताच येईना. जन्मभर दाराजवळ बसले ती पळता यावं म्हणून, आणि आता मरण दारातूनच आत येत होतं. मी खांबाच्या आड अंग चोरून उभी राहिले आणि तिथून बाहेरचं सगळं दिसलं.

वैजयंती स्तूपाकडून पळत येत होती. दोन्ही हात तोंडापुढे झाडत, पदर सुटलेला, केस सुटलेले. जितके हात फिरत होते तितक्या माश्या वाढत होत्या. टाक्याजवळच्या पायरीवर तिचा पाय मुरगळला आणि ती आडवी पडली, दरीपासून हातभर अंतरावर. तिने उठायचा प्रयत्न केला, पाय टेकेना. तिच्या पांढऱ्या साडीवर काळे डाग वाढत चालले. “आई गं,” ती ओरडत होती, “आई गं, आई गं.”

“ही मरणार,” मी म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे.

मागे वळले तर आर्याजी भिंतीला धरून उठत होत्या. ओट्यापाशी जाऊन त्यांनी मूर्ती दोन्ही हातांनी उचलली, नीट खाली ठेवली. फोटो तिच्याशेजारी ठेवला. मग चादर ओढून काढली, खांद्यावर टाकली आणि दाराकडे निघाल्या. दुसऱ्याच पावलाला गुडघ्याने दगा दिला आणि त्या मट्‌कन खाली बसल्या.

“तुम्ही कुठे निघालात?” मी ओरडले. “धावजीला हाक मारू या!”

“हाक त्याला कळेपर्यंत ती उरेल का?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा भिंत चाचपू लागल्या.

त्या मला म्हणाल्या असत्या ना, जा म्हणून, तर मी नाही म्हणाले असते. नाही म्हणायला मला काहीच जड गेलं नसतं. सगळी कॉलनी मला ओळखते, कोणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचा हात भिंतीवर सरकत होता, गुडघा उचलत नव्हता, आणि बाहेर ‘आई गं’ बारीक होत चाललं होतं.

“द्या इकडे,” मी म्हणाले.

त्यांनी चादर माझ्या डोक्यावरून घातली, पुढे दोन्ही काठ माझ्या मुठीत दिले. “पळू नकोस,” त्या म्हणाल्या.

“मला पळण्याशिवाय काही येत नाही, आर्याजी.”

“येतं. रविवारी अंगणात करतेस तेच.”

मी बाहेर पडले.

चादरीच्या फटीतून मला फक्त माझ्या पावलांपुढचा कातळ दिसत होता. पहिल्या पावलालाच चादरीवर टपाटप काहीतरी आपटायला लागलं, कोणी मूठमूठ वाटाणे मारावेत तसं. आवाज तर असा की तो कानात नव्हता, दाढांत होता. माझ्या उजव्या मुठीवर पहिला डंख बसला. आग मनगटातून कोपरापर्यंत गेली. पायांनी आपणहून पळायची तयारी केली. मला ते स्पष्ट जाणवलं, पोटऱ्या ताठ झाल्या, टाचा उचलल्या. डावीकडे दरी होती. त्या वाटेवर कोणी असं चादरीखालून पळालं असतं तर सरळ खालीच गेलं असतं.

उचल, मी म्हटलं. ने. टेक.

आता खरं सांगायचं तर मी त्या वाटेवर आणखीही बरंच काही म्हटलं. उचल. कशाला कडमडायला गेली होतीस बाई. ने. आर्याजींनी नको म्हटलं होतं ना, तुझ्या कानांत काय बोळे होते? टेक. लाटणं आणायचं होतंस, हाकल आता लाटण्याने. उचल. मरायला दुसरी पौर्णिमा नव्हती का तुला. ने. मला जायचंय घरी. टेक. दुसरा डंख, तिसरा. कपाळावर एक. घाम डोळ्यांत उतरला आणि तो पुसायची सोय नव्हती. मी रडत होते, शिव्या देत होते आणि एकेक पाऊल टाकत होते. एवढी वाट एरवी पन्नास पावलांचीही नसेल. मला ती संपेचना.

मग फटीत तिची जोडवी दिसली.

मी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले, चादर दोघींवर पसरली आणि काठ आमच्या अंगाखाली खोचत गेले. आत काही माश्या आल्याच. वैजयंतीचा चेहरा ओळखू येत नव्हता, एक डोळा पूर्ण मिटलेला. ती हातपाय झाडायला लागली. मी तिच्या अंगावर आडवी झाले आणि तिचे दोन्ही हात धरले.

“हलू नका, ताई,” मी म्हणाले. दोन वर्षांत मी तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

ती थबकली. “कोण? चारू?”

“हं.”

“तू? तू कशी आलीस?”

“चालत.”

“चल, पळू या. पायऱ्या इथेच आहेत. चल, उठ!” ती मला ढकलायला लागली. अंगात ताकद तिच्या, माझ्या दुप्पट.

“नाही ताई.”

“अगं खातील आपल्याला!”

“खाऊ दे. उठायचं नाही.”

मी तिला दाबून धरलं. माझ्या गालावरून एक माशी चालत डोळ्याकडे आली. तिचे पाय मला एकेक कळत होते. मी तिला हाकललं नाही. त्यात शूरपणा काही नव्हता, माझे हात वैजयंतीने इतके घट्ट पकडले होते की सोडवायलाच आले नसते. माशी पापणीवर थांबली. मी श्वास सोडला, घेतला, सोडला. भीती जराही कमी झाली नाही. ती होतीच, माशीसारखीच, पापणीवर. मी त्या भीतीसाठी काही करत नव्हते आणि तिच्याविरुद्धही काही करत नव्हते. थोड्या वेळाने माशी कपाळावर गेली आणि तिथून केसांत.

वैजयंतीचं झाडणं थांबलं. आमची तोंडं इतकी जवळ होती की तिचा श्वास मला लागत होता. वर चादरीवर अजून आपटणं चालू होतं, पण पूर्वीपेक्षा विरळ. तिला थंडी भरल्यासारखी हुडहुडी आली होती. तिची साडी खालून ओली झाली होती, आणि तो ओलावा मलाही लागला. ते पाणी टाक्याचं नव्हतं.

“चारू,” ती बऱ्याच वेळाने म्हणाली.

“हं.”

“मी पळाले गं.”

मी चादरीच्या काठावर कोपर दाबून धरलं.

“त्याने सांगितलं होतं, पळू नका म्हणून. माझ्या समोर सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, चारू, शब्द न् शब्द. आणि तरी पळाले. माझं डोकं चाललंच नाही.” तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “माणूस ठरवत नाही गं. पायच पळतात. नाही?”

दोन वर्षं मी तिच्यावर राग धरून होते, तो तिने मला दोष दिला म्हणून, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. पण रोज रात्री उशीवर डोकं टेकलं की मीच मला तेच म्हणत होते, तिच्याच शब्दांत. पळाली नसती तर. पळाली नसती तर. माझ्या बाजूने बोलणारं त्या खोलीत कोणीच नव्हतं, मीही नव्हते.

“हो ताई,” मी म्हणाले. “पायच पळतात.”

ती रडायला लागली. सुजलेल्या डोळ्यांतून नीट रडताही येत नव्हतं तिला. तिने माझी एक मूठ सोडली, तिचा हात चादरीत चाचपडत खाली गेला आणि माझ्या पोटावर येऊन थांबला. तिथे काहीच नव्हतं आता, नुसतं पोट होतं. तिने हात तसाच ठेवला. मग मीही रडले, हुंदके दाबून, कारण हलायचं नव्हतं.

ऊन कलायला लागल्यावर धावजी वर आला, भिजवलेली घोंगडी पांघरून, बरोबर वाडीतली चार माणसं. माश्या तोवर बऱ्याचशा पोळ्यांवर परतल्या होत्या. त्यांनी वैजयंतीला घोंगडीतच घालून खाली नेलं. मला कोणी उचललं नाही, मी आपली चालत गेले. विहाराच्या दारात आर्याजी बसलेल्या होत्या, भिंतीला टेकून. त्यांच्या मुंडण केलेल्या डोक्यावर तीन-चार टेंगळं आली होती. माझ्यामागोमाग त्या दारापर्यंत सरपटत आल्या होत्या आणि तिथेच बसून राहिल्या होत्या, असं अंजिराबाईंनी मला नंतर सांगितलं.

तालुक्याच्या दवाखान्यात वैजयंतीचा जीव दोनदा वर-खाली झाला. पहिली रात्र तर डॉक्टरही काही सांगायला तयार नव्हते. मग सूज उतरत गेली, आणि ज्या सकाळी तिने नर्सला चहा पाणचट आहे म्हणून सुनावलं, त्या सकाळी आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आर्याजी बघायला आल्या तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते, उजवा हात पावासारखा फुगलेला.

“वाटेत शब्द म्हटलेस का गं?” त्यांनी विचारलं. “सुखी राहा, निर्भय राहा?”

खोटं बोलायची सोय नव्हती. “नाही आर्याजी. शिव्या घातल्या तिला.”

“किती वेळ?”

“जाताना सगळ्या वाटेने.”

त्यांना हसू आवरेना. हसता हसता डोक्यावरची टेंगळं दुखली असावीत, कारण त्यांनी हात वर नेला. “पण हळू चाललीस ना?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मग झालं तर.”

याला आता पुष्कळ वर्षं झाली. आर्याजी गेल्या. वैजयंतीताईंचा आवाज अजून खणखणीत आहे, अगरबत्तीला मात्र त्या हात लावत नाहीत. चोराची गोष्ट निघाली की त्या स्वतःच सांगून टाकतात, “त्याला पिटाळलं ते लाटणं हातात होतं म्हणून.” कुठल्या मांडवात मी दाराजवळ बसले की त्या येतात, म्हणतात, “सरक जरा,” आणि दाराच्या आणि माझ्या मधे बसतात. मी पूर्वीइतकीच भित्री आहे. पालीला भिते, लिफ्टला भिते.

रविवारी मी विहारात जाते. पहिल्या जागेवर स्वतःला बसवते. त्या दिवसापासून मला ते जमायला लागलं. दुसऱ्या जागेवर ताईंना बसवते. तिसऱ्या जागेवर इस्त्रीवाला, तो आता राहिला नाही, पण मला त्याची सवय झालेली. चौथी जागा बरीच वर्षं मोकळी होती. पुसून ठेवलेली.

हल्ली तिथे तो कुत्रा येतो. तपकिरी, एक कान फाटलेला. मी त्याला समोर बसवते, हात लांब केला तर लागेल इतकं जवळ. तो गुरगुरतो. माझ्या पोटऱ्या अजून ताठ होतात. सुखी राहा, मी त्याला म्हणते, निर्भय राहा. आणि उठून जात नाही.